वरच्या टोपलीतल्या चार बाटल्या

जबाब
पोलीस स्टेशन खडकगव्हाण, ता. वणी, जि. यवतमाळ
दि. २१/०५/२०२४. सुरुवात दुपारी २ वाजून १० मिनिटे.

नाव: सौ. दीपा धम्मरत्न नगराळे. वय: ३६ वर्षे. धर्म: बौद्ध. धंदा: नोकरी, आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र, खडकगव्हाण. राहणार: वॉर्ड नं. ३, समाजमंदिराच्या मागे, खडकगव्हाण.

मला आज फोन करून बोलावल्यावरून मी पोलीस स्टेशनला हजर आहे. मला विचारलं ते आणि विचारलं नाही तेही सांगते, ते असं.

वरील पत्त्यावर मी, माझे पती धम्मरत्न (कोळसा खाणीवर टिप्परचालक), सासूबाई मथुराबाई आणि मुलगी मोनाली, वय ९ वर्षे, असे चार जण राहतो. मला नोकरीत बारा वर्षं झाली. त्यातली शेवटची पाच वर्षं आरोग्य केंद्रातली लसीची खोली माझ्या ताब्यात आहे. त्या खोलीत लसी ठेवायचा मोठा फ्रीज आहे. त्याचं तापमान सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहून वहीत लिहायचं, हे माझं काम. पाच वर्षांत त्या वहीतला एक रकाना रिकामा नाही. पाहिजे तर वही मागवून पाहा.

पुढचं सांगण्याआधी माझी एक मागणी लिहून घ्या, असं मी म्हटलं. जबाब लिहून घेणारे हवालदार बाबूसिंग आडे म्हणाले, "सिस्टर, ते क्रमानं येईन. आधी घटना सांगा." मी म्हटलं, क्रमानं येईस्तोवर औषध उकळून जाईन भाऊ. काल सकाळी साडेअकरापासून त्या चार बाटल्या तुमच्या मालखान्यात लाकडी कपाटात आहेत. मालखान्यावर टीन आहे. काल चव्वेचाळीस डिग्री होतं. त्या बाटल्यांना दोन ते आठ डिग्री लागते. पोलीस स्टेशनसमोर कोल्ड्रिंकचं दुकान आहे, त्याचा फ्रीज चालू आहे, येताना मी आत हात घालून पाहून आले. आधी मागणी लिहा, मग तुम्ही म्हणाल तेवढा वेळ बसते. त्यावरून त्यांनी लिहिलं ते असं:

"जप्त केलेल्या चार बाटल्या हे माझ्या मुलीचं औषध असून त्या ताबडतोब थंड जागी ठेवाव्यात व मला परत मिळाव्यात, अशी माझी मागणी आहे."

हवालदारांनी मला समजावून सांगितलं की मुद्देमाल सीलबंद आहे, ठाणेदार साहेब बंदोबस्ताला गेले आहेत आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय बाटल्या सोडता येत नाहीत. अर्ज उद्या देता येईल. मी म्हटलं, उद्याचा अर्ज घेऊन काय करू, चाटू? हे लिहू नका असं मी म्हटलं नाही, म्हणून लिहिलं आहे.

मोनालीला जन्मापासून स्नायूंचा आजार आहे. ती बसायला लागली, उभी कधी राहिली नाही. हा आजार एकेक ताकद काढून घेत जातो. आधी पाय गेले, मग पाठ, मग हात. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या छातीत कफ भरला की तो बाहेर निघत नव्हता. खोकायला जोर लागतो. तेवढा जोर तिच्याकडे नव्हता. मी तिला मांडीवर पालथी घालून पाठीवर थापा मारायची आणि सासूबाई पदरानं तिचं तोंड पुसायच्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजारावर आता औषध निघालं आहे, रोज एक वेळ तोंडानं द्यायचं, कायमचं. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण उरलेलं टिकेल. मध्ये खंड पडला तर मात्र जे जाईल ते जाईल. औषधाची इथली किंमत सांगितली तेव्हा माझे पती हसले. ते घाबरले की हसतात. डॉक्टरांना वाटलं यांना समजलं नाही, म्हणून त्यांनी आकडा पुन्हा सांगितला.

अशा लेकरांच्या आईबापांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यात कळलं की हेच औषध बांगलादेशात तिथली कंपनी बनवते आणि तिथं ते आमच्या ऐपतीत बसेल असं मिळतं. पण पेशंटला एकदा तिथं नेऊन तिथल्या डॉक्टरला दाखवावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरांनी कागद करून दिले. स्वतःच्या पेशंटसाठी औषध आणायचा सरकारी परवाना काढला. तो मोनालीच्या नावानं आहे आणि आज मी त्याची झेरॉक्स सोबत आणून दिली आहे. सासूबाईंनी विचारलं, "पोरीले परदेशात नेता तं विमानानंच न्या लागत असन न?" मी म्हटलं, नाही आत्याबाई, रेल्वेनं.

पासपोर्टच्या चौकशीला याच पोलीस स्टेशनचे शिपाई घरी आले होते. त्यांनी विचारलं, "परदेशात कायले जाता?" मी सांगितलं, पोरीचं औषध तिकडं स्वस्त आहे. त्यांनी कागदावर पर्यटन लिहिलं. तो कागद तुमच्याच दप्तरात असेल, काढून पाहावा.

दि. १८/०९/२०२३ रोजी आम्ही तिघं वर्ध्याहून हावड्याच्या गाडीत बसलो. हावडा, मग बनगाव, मग पेट्रापोलची सीमा. सीमेवरची मधली जागा पायी ओलांडावी लागते. मोनालीला माझ्या ओढणीनं तिच्या पप्पांच्या पाठीवर बांधलं. तिची मान टिकत नव्हती, म्हणून मी मागून तिचं डोकं धरून चालले. पलीकडच्या खिडकीतला साहेब स्वतःच्या खुर्चीवरून उठला आणि खुर्ची बाहेर आणून दिली. पुढं बसनं ढाका. मला लोक विचारतात, तिकडं भीती नाही वाटली काय. वाटली ना. भाषा येत नाही, गाव माहीत नाही, पोरगी पाठीवर. पण नागपूरला डॉक्टरांनी तो आकडा दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा वाटली होती, तेवढी नाही वाटली.

तिथल्या डॉक्टर म्हाताऱ्या बाई होत्या. हिंदी थोडी बोलायच्या. त्यांनी मोनालीचे हातपाय उचलून पाहिले, तिला हसवलं आणि सारखं "मा, मा" करत होत्या. तिकडं लहान पोरीलाही लाडानं मा म्हणतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. मोनालीनं मला विचारलं, "मम्मी, हे डॉक्टर मले आई काहून म्हणते? मी तं लहान आहो." औषधाचा पहिला डोस तिथंच दिला. गोड आहे, तोंड वाकडं करावं लागत नाही. मोनाली म्हणाली, "एवढ्यासाठी एवढ्या दूर?" सहा बाटल्या घेऊन आम्ही परत निघालो. एक बाटली तीस दिवस चालते. बर्फाची पेटी मी दोन दिवस मांडीवरून खाली ठेवली नाही. दर तासाला पेटीला हात लावून पाहायची. हात लावून दोन ते आठ डिग्री कळत नाही, हे मीच आशाताईंना ट्रेनिंगमध्ये सांगते.

दि. १४/०१/२०२४ रोजी सकाळी मोनाली खोकली. कफ बाहेर आला. कोणी थापा मारल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तिचे पप्पा अंघोळीतून तसेच आले. सासूबाईंनी शेजारी साखर वाटली. लोकांनी विचारलं, कायची साखर? सासूबाई म्हणाल्या, "पोरगी खोकलली." फेब्रुवारीत तिनं स्टीलचा गिलास दोन्ही हातांनी उचलून पाणी पिलं. निम्मं अंगावर सांडलं. मी तो फ्रॉक बदलू दिला नाही, धम्मरत्न घरी येईपर्यंत तसाच राहू दिला.

हवालदारांनी म्हटलं, मुद्द्यावर या. माझ्या मते हाच मुद्दा आहे.

मार्चमध्ये बाटल्या संपत आल्या तेव्हा मी एकटी गेले. यावेळी तिथल्या डॉक्टर बाई कागदावर आणि मोनालीच्या व्हिडिओवर औषध द्यायला तयार झाल्या. दि. २० ते २७ मार्च २०२४ असा माझा प्रवास झाला. पासपोर्टवर शिक्के आहेत. यावेळी मी पेटीत पोलिओची एक रिकामी शिशी ठेवली. तीच शिशी काल माझ्या बाटल्यांसोबत सापडली आणि तिच्यामुळं हे सगळं झालं, म्हणून तिचं नीट लिहून घ्यावं.

पोलिओच्या डोसच्या शिशीवर कागदी लेबल असतं. लेबलवर एक जांभळा गोल असतो आणि त्या गोलाच्या आत एक पांढरा चौकोन असतो. शिशीला गरमी लागत गेली की तो चौकोन हळूहळू जांभळा होत जातो. आतला चौकोन बाहेरच्या गोलाएवढा जांभळा झाला की डोस बाद, फेकून द्यायचा. मग ती शिशी कितीही थंड करा, चौकोन परत पांढरा होत नाही. माणूस म्हणेल लाईट गेलीच नव्हती, फ्रीज उघडाच नव्हता. चौकोन तसं म्हणत नाही. मोनालीच्या औषधावर असा चौकोन नाही. ते खराब झालं तरी रंगानं तसंच दिसते, चवीनं गोडच लागते. म्हणून मी त्याला सोबत दिली. पेटीत जेवढी गरमी औषधाला लागेल तेवढीच शिशीला लागेल. मला तेवढंच समजायला पाहिजे होतं.

ती शिशी दि. ३ मार्चच्या पल्स पोलिओची आहे. रिकाम्या शिश्या मोजून जमा कराव्या लागतात. मी एक कमी जमा केली आणि वहीत "फुटली" असं लिहिलं. ते खोटं आहे. पाच वर्षांत त्या खोलीतल्या कागदावर मी लिहिलेलं तेवढं एक खोटं आहे. ते मी कबूल करते आणि त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण मला द्या.

येताना सीमेवर कस्टमच्या साहेबांनी शिशी पाहून विचारलं, हे काय? मी त्यांना चौकोन दाखवून आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं. त्यांनी परवाना वाचला आणि जाऊ दिलं. घरी आले तेव्हा चौकोन जवळपास पांढरा होता. त्या रात्री मला झोप लागली.

मार्चमध्ये आणलेल्या सहा बाटल्यांपैकी पहिली दि. २८ एप्रिलला संपली. दुसरी सध्या चालू आहे, ती घरी आहे आणि दि. २८ मे रोजी संपेल. उरल्या चार. त्या घरच्या फ्रीजमध्ये होत्या. दि. १० मे रोजी आमच्या वॉर्डाचा ट्रान्सफॉर्मर जळला. चालू बाटली आम्ही वणीहून बर्फ आणून थर्मासमध्ये ठेवली. चार बाटल्या थर्मासात बसत नव्हत्या. म्हणून दि. ११ मे रोजी सकाळी ८ वाजता मी त्या, सोबतच्या शिशीसह, आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. तो फ्रीज लाईट नसली तरी दिवसभर थंड राहतो आणि तिथं जनरेटर आहे. मी कोणाची परवानगी घेतली नाही. घेतली असती तर मिळाली नसती, नियमच तसा आहे. त्या फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला आहे: "लसीशिवाय यात काहीही ठेवू नये." अक्षर माझं आहे.

आरोग्य केंद्राचे परिचर भगवानराव पिदूरकर यांनी एप्रिलमध्ये त्या फ्रीजमध्ये ताकाची बाटली ठेवली होती. मी चार लोकांसमोर त्यांना बोलले आणि ताक मोरीत ओतून दिलं. भर उन्हाळ्यात घरून आणलेलं माणसाचं ताक. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. हे मी अशासाठी सांगते की पुढं त्यांचं नाव येते.

ट्रान्सफॉर्मर दि. १८ मे, शनिवारी संध्याकाळी बसला. रविवारी बाटल्या घरी आणायच्या, असं माझे पती म्हणाले. मी म्हटलं, एक दिवस लाईट टिकते का पाहू, घाई नको. माझाच स्वभाव आहे तो. रविवारी लाईट टिकली. सोमवारी संध्याकाळी ड्युटी संपल्यावर मी त्या आणणार होते.

काल, सोमवार दि. २० मे रोजी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी जिल्ह्याहून तपासणी पथक आलं. आधी कळवलेलं नव्हतं. पथकाच्या साहेबांनी फ्रीज उघडला. वरच्याच टोपलीत त्यांना बंगाली अक्षरांची चार खोकी दिसली. त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत भगवानराव म्हणाले, "सिस्टरचं पर्सनल आहे जी. आमचं ताक चालत नाई, हे चालते." मग साहेबांना खोक्यांमधली पोलिओची शिशी दिसली. त्यांनी वही मागवली. वहीत "फुटली" लिहिलेली शिशी त्यांच्या हातात साबूत होती. तिथून त्यांचा आवाज बदलला. लस बाहेर विकता काय, हे नशेचं औषध आहे काय, असं त्यांनी विचारलं. परवाना घरी फायलीत होता. मी म्हटलं, दहा मिनिटांत आणते, घर समोर आहे. मला खोलीबाहेर जाऊ दिलं नाही. हातात शिशी नसती तर कदाचित ऐकलं असतं. तिला मीच तिथं ठेवली होती.

साडेअकरा वाजता पोलीस आले. पंचनामा झाला. चार बाटल्या पांढऱ्या कापडात बांधल्या. शिशी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मेणबत्तीवर लाख वितळवून कापडावर मोहरा मारल्या. मी म्हटलं, गरम लाख वरून नका टाकू, बाजूला टाका. एक मोहर त्यांनी बाजूला मारली. मी तिथं तीन वेळा सांगितलं की याला फ्रीज लागते. पंचनाम्यात ते आलं नसेल तर इथं लिहावं.

मला विचारण्यात आलं की बाटल्या लपवून का ठेवल्या. मी लपवल्या नाहीत. त्या फ्रीजचं दार वर उघडते. लपवायचं असतं तर तळाशी ठेवलं असतं, लसीच्या डब्यांखाली, सहा महिने कोणाला दिसलं नसतं. पण तळाशी गोठते. गोठलं की हे औषध बाद. म्हणून वरच्या टोपलीत ठेवलं, जिथं दार उघडताच दिसते. तुम्ही त्या फ्रीजच्या कंपनीला विचारा, कोणत्याही सिस्टरला विचारा. चोरी करणारी बाई चोरीचा माल सगळ्यात वर ठेवत नाही साहेब, आईच ठेवते.

मला विचारण्यात आलं की पोलिओची शिशी विकायची होती काय. रिकामी शिशी कोण घेते? दोन देश फिरून आली ती, तिचं कोणी काही दिलं नाही.

३ वाजून २० मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला. हवालदारांनी घेऊ दिला. सासूबाई म्हणाल्या, "व दीपा, पोरगी म्हणते आजपासून अर्धंच दे. म्हणते, आठ दिवसाचं सोळा दिवस पुरवू." मी मोनालीला फोन द्यायला सांगितलं. तिला म्हटलं, सात वाजता पूर्ण घ्यायचं, रेषेपर्यंत, एक थेंब कमी नाही. ती म्हणाली, "मग नंतर?" मी म्हटलं, मी इथं साहेबांशी बोलून राह्यली न. ती म्हणाली, "बरं, मग जोरात बोल." एवढं बोलणं झालं.

घरी आजची धरून आठ दिवसांचं औषध आहे. परत जायचं म्हटलं तर व्हिसाला वेळ लागतो, परवाना नवा काढावा लागतो, आणि आता माझ्यावर केस आहे तर मला देशाबाहेर सोडतील की नाही, हे मला माहीत नाही. हवालदारांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. मी पाया पडून सांगते, माझी नोकरी घ्या, माझ्यावर जी कलमं लावायची ती लावा, मला आत टाका. मोनालीच्या औषधावर केस नका करू. तिनं काही केलं नाही. ती फक्त खोकायला शिकली.

या वेळी बाहेर बोलण्याचा आवाज आल्यानं मी पाहिलं, तर भगवानराव पिदूरकर दारात उभे होते. त्यांच्या खांद्याला लस न्यायची निळी पेटी होती. त्यात चार बर्फाच्या पिशव्या होत्या. बर्फाला घाम फुटू द्यायचा, मगच भरायचा, नाहीतर आतलं औषध गोठते, हे मी त्यांना दहा वेळा शिकवलं तरी ते विसरत. आज त्यांनी बरोबर केलं होतं. ते हवालदारांना म्हणाले, "साहेब, मले काय माहीत होतं हे पोरीचं आहे. मले वाटलं सिस्टरचंच काही. माह्या जिभेले हाड नाई. यात ठेवून घ्या जी बाटल्या, मी इथंच बसतो, कुठी जात नाई." हवालदारांनी सांगितलं की सीलबंद मुद्देमाल दुसऱ्या पेटीत हलवता येत नाही आणि पेटी सरकारी आहे, ती परत न्यावी. भगवानराव पेटी घेऊन व्हरांड्यात बसले. आत्ता हे लिहीपर्यंत बसलेले आहेत. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

हवालदार बाबूसिंग आडे यांनी मला सांगितलं की काल रात्रपाळीला त्यांनी आपल्याकडचा कूलर मालखान्याच्या दाराकडे फिरवून ठेवला होता. त्यांच्या नातीला मीच गोवरची लस दिली आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण कूलरनं दोन ते आठ होत नाही.

४ वाजून ५ मिनिटांनी ओळख पटवण्यासाठी मला जप्त मुद्देमाल, बाटल्या आणि शिशी एकाच कपाटातून काढून, दाखवण्यात आला. कापडातल्या बाटल्या सीलबंद होत्या. कापड गरम लागत होतं. शिशीची पिशवी पारदर्शक आहे. शिशी मी ओळखली, ती तीच आहे. हवालदारांनी पिशवी माझ्यापुढं केली तेव्हा मी लेबलाची बाजू पाहिली नाही. मी डोळे मिटून म्हटलं, भाऊ, तुम्ही पाहा. मघाशी सांगितलं तसं पाहा आणि दिसते ते सांगा.

हवालदार पिशवी खिडकीपाशी घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला. पिशवी उजेडाकडं धरून उलटसुलट फिरवली. मग म्हणाले, "सिस्टर, चौकोन तं दिसतच नाई. सगळा एकच गोल दिसून राह्यला. जांभळा."

मी म्हटलं, नीट पाहा, आत थोडा फिका असेल.

ते म्हणाले, "नाई ताई. एकच रंग आहे."

मग मी स्वतः पाहिलं. त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे.

मी हवालदारांना सांगितलं की सुरुवातीला लिहिलेली माझी मागणी खोडून टाका. ते म्हणाले, "राहू द्या न सिस्टर. उद्या मी स्वतः अर्ज नेतो कोर्टात. भेटतीन बाटल्या." मी म्हटलं, खोडा. त्या आता मला नको. या चौकोनाकडं पाहून मी पाच वर्षांत शेकडो शिश्या मोरीत ओतल्या. बाया रडल्या, दहा कोस चालून आलो म्हणाल्या, द्या हो एक थेंब, काय होते. मी कोणाच्या लेकराला बाद झालेला थेंब दिला नाही. माझ्या पोरीले कशी देऊ.

त्यावरून हवालदारांनी ती ओळ माझ्यासमोर खोडली आणि मी बाजूला सही केली. पट्टी लावून एकच सरळ रेघ मारली, खालचं अजून वाचता येते.

सात वाजता मोनालीला औषध द्यायचं आहे, तरी मला लवकर जाऊ द्यावं. दुसरं काही सांगायचं नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला, व्हरांड्यातल्या भगवानरावांनाही ऐकू गेला. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे. खाडाखोड एक ओळ, ती माझ्या सांगण्यावरून. समाप्ती दुपारी ४ वाजून ३५ मिनिटे.

सही/- दीपा ध. नगराळे
समक्ष, सही/- बाबूसिंग आडे, पोलीस हवालदार, खडकगव्हाण